स्टर्जनच्या नदीवर जायचं ठरलं होतं

मासे धरायला थेट कझाकस्तानात जायचं, ही कल्पना माझी. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो. बाकीचे चौघे नुसते हो म्हणाले, आणि नुसतं हो म्हणणाऱ्याला काय बोलणार?

आम्ही पाचही जण गुदैबियात एकाच जिन्यावर राहतो. मी पिकअप चालवतो, मआमीरच्या गॅरेजांना स्पेअर पार्ट पोचवतो. बहरैनमध्ये एकोणीस वर्षं झाली. श्रीवर्धनचे भाई एका ट्रेडिंग ऑफिसात क्लार्क आहेत, आमच्यात वयानं मोठे आणि नीट इंग्रजी लिहिता येणारे एकटेच. चिपळूणकडचे दोघे सख्खे भाऊ एसी दुरुस्त करतात. थोरला बोलतो, धाकटा मान हलवतो. आणि कराडचा एक इलेक्ट्रिशियन आहे. त्याला पोहता येत नाही, पण पाण्यावर जायचं म्हटलं की सगळ्यात आधी चपला घालून दारात उभा. दर शुक्रवारी सकाळी आम्ही सित्र्याच्या पुलाजवळ गरवायला जातो. गळ टाकायचे, थर्मासमधला चहा प्यायचा, साफी-शेरी जो मासा लागेल तो आणून तळायचा. बायकापोरं गावी, इथे आम्हाला एवढीच चैन.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी एकसुद्धा मासा लागला नाही. इलेक्ट्रिशियन वैतागला. "ईदच्या सुट्टीत लोक जॉर्जियाला चाललेत, अझरबैजानला चाललेत. आपण काय जन्मभर ह्या पुलाखालीच सडायचं का दादा?"

मी गळाला कोळंबी लावत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एक नदी माहीत आहे."

नदी माहीत असायचं कारण माझा मुलगा. तो तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी त्यानं मला एक फोटो पाठवला होता. नदीकाठी दोन माणसं उभी आणि त्यांच्या हातांवर आडवा एक मासा, माणसापेक्षा लांब, पाठीवर हाडांच्या टेंगळांची रांग. खाली लिहिलं होतं, 'बाबा, ह्याला स्टर्जन म्हणतात. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला की समुद्रातून वर चढतो.' माझा बाप खाडीत पागाचं जाळं टाकायचा. पोरानं ते ध्यानात ठेवून मला माशाचा फोटो पाठवला, ह्याचं मला तेव्हा किती कौतुक! पुलाजवळ मी तोच फोटो काढून चौघांना दाखवला. धाकट्या भावानं मान हलवायचीसुद्धा थांबवली.

"तुझा पोरगा आहे ना तिथे?" भाई म्हणाले. "मग काय अडचण आहे? बोटीचं तो बघेल."

"बघेल ना," मी म्हटलं.

इथे मी पहिली थाप मारली. मुलाचा आणि माझा तीन महिने एक शब्द झाला नव्हता.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला होता. पुन्हा नापास झालो, म्हणाला. मी मआमीरच्या रस्त्यावर होतो, मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता, डोकं आधीच तापलेलं. काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे मी रागानं त्याला फोन केला नाही. करेल तोच, म्हटलं. बापाला फोन करायला काय चोरी आहे? मग शेवटी मीच केला, तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी माझ्या मोबाइलवरून त्याचा फोटो गेला आणि तिथे नुसतं राखाडी डोकं राहिलं. मला वाटलं, मोबाइल बिघडला. खालच्या मोबाइलच्या दुकानात नेला, तर तिथला मल्याळी पोऱ्या बघून म्हणाला, "ब्लॉक किया है भाई, और क्या." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. आयला, असं वाटलं की जमीन फाटावी.

बायकोला विचारलं की ती म्हणायची, "बरा आहे. बोलतो माझ्याशी."

"काय बोलतो?"

"काय बोलायचं ते बोलतो."

मग माझा तोल जायचा. त्याला म्हणावं, मला तोंड दाखवू नकोस. म्हणावं, असला पोरगा नसता झाला तरी चाललं असतं. दर शुक्रवारी दुपारी हा कार्यक्रम. ती मुकाट ऐकून घ्यायची. जानेवारीपासून तिनं व्हिडिओ कॉल बंद केला, मोबाइलचा कॅमेरा बिघडलाय म्हणाली. मी म्हटलं, बिघडू दे, कुणाची तोंडं बघायची आहेत मला?

आणि ओरडून झालं की मी जिन्यात बसून त्याच्या गावचं हवामान बघायचो. उणे अठरा. उणे एकवीस. तिकडे काय घालतात, काय पांघरतात, त्याच्याकडे स्वेटर किती आहेत, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. बापाला एवढं माहीत असायला नको? इथे मी बनियनवर बसलेला, आणि तिकडच्या आकड्यानं माझ्या अंगावर काटा यायचा.

मुलाला भेटायला चाललोय, हे मला माझ्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. तसं म्हटलं की मी हरलो. मासे धरायला चाललोय, हे मात्र अगदी सहज म्हणता येत होतं. तिथे गेल्यावर तो रस्त्यात समोर आलाच, तर मी काय तोंड फिरवणार होतो का? एवढ्या एका भेटीसाठी मी चार भल्या माणसांना कामाला लावलं.

आणि लागले ते कामाला. थोरल्या भावानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'स्टर्जन मंडळ'. भाईंनी विमानांच्या वेळा काढल्या आणि आपल्या पासपोर्टवर चौदा दिवस व्हिसा लागत नाही हे शोधून काढलं. ईदनंतरच्या आठवड्यात जायचं ठरलं. सगळ्यांनी रजेचे अर्ज टाकले. माझ्या सुपरवायझरनं विचारलं, "गावी?" मी म्हटलं, "नाही, फिशिंग." तो माझ्याकडे बघतच राहिला.

जिदहफ्सच्या बाजारात आम्ही जाडी जॅकेटं शोधत फिरलो. मार्चमधलं ऊन, आणि इलेक्ट्रिशियन गळ्यापर्यंत चेन लावून आरशापुढे उभा. दुकानदार हसून म्हणाला, "मफी बर्द, मफी बर्द!" इथे कुठली थंडी, म्हणून. इलेक्ट्रिशियननं जॅकेट काढलं नाही. "इथं मफी, तिथं लई हाय," असं त्याला मराठीतच ऐकवून आला. दोघा भावांनी जाड दोरी आणि बोटाएवढे गळ आणले. एवढ्या मोठ्या माशाला आमिष काय लावायचं ह्यावर एक अख्खी दुपार गेली. मग थोरल्याला आठवण झाली ती नारळाची. आमच्याकडे पावसाळ्यानंतर होड्या पाण्यात घालायच्या आधी समुद्राला नारळ देतात. तर ही नदीही चार महिने बंद असते आणि मग उघडते. हिलाही द्यायला पाहिजे की नको?

"बॅगेत नारळ नेऊ देतात का?" इलेक्ट्रिशियन.

"दादाच्या पोराला विचारा, तिथे नारळ मिळतो का," थोरला म्हणाला.

"विचारतो," मी म्हटलं. दुसऱ्या शुक्रवारी सांगितलं, "मिळत नाही म्हणाला."

असं दर शुक्रवारी चालू होतं. बोटीचं बघितलं का त्यानं? बघतोय. खोल्या? होस्टेलजवळ आहेत म्हणाला. बर्फ फुटला का? ह्याचं उत्तर तेवढं खरं द्यायचो, कारण हवामान मी रोज बघत होतो. उणे नऊ, उणे चार, शून्य. ज्या दिवशी पहिल्यांदा अधिक दोन दिसलं, त्या दिवशी मी गाडी चालवताना एकटाच मोठ्यानं म्हणालो, "फुटणार आता!" आणि मग ध्यानात आलं. आता खरंच जावं लागणार होतं. पत्ता माझ्याकडे कॉलेजचा फक्त. त्यानं दार उघडलंच नाही तर? चौघांच्या देखत म्हणाला, की मी ह्या माणसाला ओळखत नाही, तर? अन्न गोड लागेना. भाईंचे रोजे चालू होते, आणि मी रोजा नसतानाही त्यांच्यापेक्षा कमी जेवत होतो. इलेक्ट्रिशियन मला चिडवायचा, "दादा, स्टर्जनच्या प्रेमात पडलात वाटतं."

जायच्या दहा दिवस आधीचा शुक्रवार. दुपारची जेवणं झाली होती, भाई सोडून. सगळे माझ्या खोलीत. भाईंनी परस्पर तिथल्या एका गाइडला इंग्रजीत ईमेल टाकलं होतं आणि मी दिलेला फोटोही सोबत पाठवला होता. त्याचं उत्तर आलं होतं. भाई चष्मा पुसून मराठीत सांगायला लागले.

"म्हणतो, हा मासा धरायला बंदी आहे. किती तरी वर्षं झाली. उरलेत थोडे, म्हणून. धरला तर सरळ तुरुंग. आणि बर्फ फुटल्यावर मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा तर नदीवर बोटच सोडत नाहीत. आणि म्हणतो, तुम्ही पाठवलेला फोटो फार जुना आहे, त्या माणसांचे कपडे बघा."

मोबाइल हातोहात फिरला. खरंच, कपडे जुने होते. तीन वर्षं मी तो फोटो बघत होतो, मासा सोडून त्यातलं काहीही मी पाहिलं नव्हतं.

"खड्ड्यात गेला स्टर्जन," थोरला म्हणाला. "चला जॉर्जियाला. अजून तिकिटं कुठे काढलीत?"

"जॅकेटं तिथंही चालतील," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

दोन मिनिटांत पठ्ठ्यांनी देश बदलला. भाई तेवढे माझ्याकडे बघत होते. "एक सांग," ते म्हणाले. "तुझा पोरगा तीन वर्षं तिथे राहतो. दर शुक्रवारी तो तुला बोटीचं सांगतो. बंदी आहे हे त्याला माहीत नाही?"

मी उसळलो. "तुम्हाला जायचं तिथे जा! जॉर्जियाला जा, नाहीतर आणखी कुठे मरा! मला नदीवरच जायचंय!" आणि पुढे काय बोलणार होतो ते राहिलंच. मला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस मी, चार पुरुषांसमोर हमसून हमसून रडलो. रडता रडताच सगळं सांगितलं. तो बोलत नाही, त्यानं ब्लॉक केलंय, बोट नाही, खोल्या नाहीत, नारळाचं मी मनानंच सांगितलं. धाकटा भाऊ उठला आणि त्यानं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

भाईंनी रडू संपू दिलं. मग विचारलं, "त्या दिवशी फोनवर तू काय म्हणालास? शब्द सांग. जसेच्या तसे."

"तो म्हणाला, बाबा, मी पुन्हा राहिलो, मला हे जमत नाही. मी म्हटलं, राहिलास ना? बरं. खलास. आणि ठेवला."

"खलास म्हणालास?"

"मग काय म्हणू?"

इथे हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा वापरतो. पार्सल उतरवलं, खलास. चहा पिऊन झाला, खलास, यल्ला. साहेबानं झापलं आणि गेला, तरी खलास. म्हणजे झालं, सुटलो, पुढे चला. अरबी माणूस पाठीवर हात ठेवून खलास म्हणाला तर तो समजूत घालत असतो.

"आपण इथले झालो रे," भाई म्हणाले. "तो पोरगा गावात वाढला. गावात खलास कुणाला म्हणतात?"

मग इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाला, "मेलेल्याला."

मी डोक्याला हात लावला. राहिलास ना? बरं. खलास. म्हणजे तू मला मेलास. पोरानं हे ऐकलं! आणि पुढच्या क्षणाला, खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की लाज वाटली. म्हणजे एवढंच होतं तर! एका शब्दाचा घोटाळा. एका फोनमध्ये मिटला असता. त्या दिवशी मी तो शब्द समजुतीनं म्हणालो की रागानं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ट्रकवाला हॉर्न मारत होता, एवढंच आठवतं. पण त्या दुपारी मी ठरवून टाकलं, की समजुतीनंच. भाईंनी सुचवलं, "बायकोला फोन लाव, तिला सांग, ती त्याला सांगेल." मी जिन्यात पळालो.

गावी संध्याकाळ झाली होती. बायकोनं पहिल्या रिंगला उचलला. मी तिला बोलूच दिलं नाही. खलासचा अर्थ सांगितला, इथे कसं म्हणतात, कोण कोण म्हणतं, सगळं. मासे धरायला बंदी आहे ते सांगितलं. मी मासे धरायला जातच नव्हतो, हेही सांगितलं. "उद्या तिकीट काढतो. एकट्याचं. तू फक्त त्याला सांग, बाबा येतायत, दार उघड. एवढं सांग, बाकी मी बघतो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना?"

"अहो, तिकीट काढू नका."

"का?"

"तो तिकडे नाहीये."

मला वाटलं, दुसऱ्या गावाला गेला असेल. "मग कुठेय?"

"इथेच. संक्रांतीपासून इथेच आहे. पडवीत बसलाय." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता. तुम्हाला घाबरतो तो."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. दोन महिने तो घरात होता. तिथेच जेवत होता, तिथेच झोपत होता.

"मी फोनवर जे बोलायचो," मी म्हटलं, "ते तू त्याला..."

"मी कशाला सांगू? मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. त्याला सगळं ऐकू जायचं. मी म्हणायची, जा रे बाहेर. जायचा नाही. तुमचं बोलून संपेपर्यंत तिथेच बसायचा."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. लबाड, मायलेक मिळून मला फसवलंत, हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं असेल. "दे त्याला," एवढंच म्हटलं.

पावलं वाजली. कुणीतरी फोन हातात घेतला. श्वास ऐकू आला.

"बाबा."

मी घाईघाईनं सुरुवात केली. खलास म्हणजे तसं नाही रे, इथे म्हणतात ते वेगळं, तू गावात वाढलास, तुला कसं कळणार, भाईंनी आत्ता...

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "लहानपणापासून तुम्ही प्रत्येक फोन खलास म्हणूनच ठेवता."

"मग?"

"तुम्ही ठेवलात तेव्हा मी अजून बोलत होतो."

वरच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं. माझ्याकडे दुसरं काही तयार नव्हतं. जे होतं ते सगळं त्या एका शब्दावर लावलं होतं.

"काय बोलत होतास?" मी विचारलं. "आता सांग. मला काही काम नाही. सांग."

मला वाटलं, सांगतोय. मी कान फोनला दाबून धरला.

"आता नको," तो म्हणाला, आणि फोन आईकडे दिला.

बायको नाक ओढत होती. मी म्हटलं, "माझी रजा मंजूर आहे. मी घरी येतो."

"थांबा, त्याला विचारते."

आपल्या घरी यायला पोराची परवानगी, हे एरवी मी ऐकून घेतलं असतं का? मी थांबलो. तिनं विचारलं, "बाबा यायचं म्हणतायत." फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मला त्याचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं.

"त्यांची मर्जी," तो म्हणाला.

मी तेवढ्यावर तिकीट काढलं.